आधी डावं इंजिन उघडलं

फोन वाजला तेव्हा मी गाढ झोपेत होतो. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. आदल्या रात्री गावची जत्रा होती, दशावतार पहाटेपर्यंत चालला आणि घरी येऊन अंग टाकायला सहा वाजले. पलीकडून आमच्या मेंटेनन्स कंट्रोलचा आवाज: "सर, सुट्टीवर कुठे आहात?" म्हटलं, परुळ्याला, घरी. तिकडे क्षणभर शांतता आणि मग, "म्हणजे चिपीच्या जवळच ना?"

जवळ म्हणजे काय, आमच्या मागच्या पडवीतून उतरणारं विमान दिसतं. ९ ऑक्टोबर २०२१ ला चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला तेव्हा आई शेजारणींना घेऊन कातळावर विमान बघायला गेली होती. मुलगा पंधरा वर्षं विमानांची इंजिनं उघडतोय, त्याचं तिला एवढं कौतुक कधी वाटलं नाही.

भानगड अशी होती. आमचं एक किंग एअर बी २००, दोन इंजिनांचं छोटं प्रॉपेलरचं विमान, मुंबईहून गोव्यातल्या मोपाला चाललं होतं, आत सहा प्रवासी. मालवणच्या आसपास उजव्या इंजिनाच्या तेलाचा दाब पडायला लागला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केलं आणि उरलेल्या एकावर चिपीला उतरले. २५०० मीटरची धावपट्टी, हवा स्वच्छ, टॉवर चालू. कुणाला खरचटलंही नाही. प्रवासी टॅक्सीने गोव्याकडे गेले, विमान ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, राहिलं. त्या विमानाचं लायसन असलेला आमचा इंजिनिअर जवळपास एकच होता, तो मी. तोही रात्रभर जागलेला.

तोंडावर पाणी मारून निघालो. मावसभावाने गाडीने सोडलं. तो मालवणात मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. वाटेत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्याल नसताना किती येळ चललां ता?" पुढचे तीन दिवस मी ज्या प्रश्नाच्या मागे होतो तो हाच. त्याने तो विमानतळावर पोचायच्या आत विचारला होता.

विमानतळावर मात्र माझं घोडं गेटावरच अडलं. माझा मुंबईचा पास इथे चालत नाही, तात्पुरत्या पाससाठी कंपनीचं पत्र, ओळखपत्र, सह्या. दोन तास गेले. या इंजिनात तेलाची पातळी इंजिन बंद केल्यावर थोड्याच वेळात, गरम असताना बघायची असते. ती वेळ टळलीच. जवानाला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही हेच केलं असतं.

आत गेलो तर कुंपणाबाहेर दहाबारा माणसं जमलेली. त्यांच्यात वाद चालला होता की कुठलं इंजिन बंद पडलं. प्रॉपेलरकडे बघून ते कळत नाही. या विमानाला पीटी६ जातीची इंजिनं आहेत. यात प्रॉपेलरच्या पात्यांचा कोन इंजिनाच्याच तेलाच्या दाबाने सांभाळला जातो. दाब गेला की स्प्रिंग आणि वजनं पाती वळवून वाऱ्याला धारेवर उभी करतात. याला फेदर म्हणतात. हवेत इंजिन बंद पडलं तर पात्यांनी वाऱ्याला अडवू नये म्हणून ही सोय. पण विमान नुसतं उभं करून ठेवलं तरी पाती तशीच वळतात. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच दिसत होत्या. फरक होता तो डागांत. उजव्या इंजिनाच्या मागच्या झाकणाच्या फटीतून तपकिरी ओघळ निघून पंखावरून पार फ्लॅपपर्यंत गेले होते, आणि त्यावर कातळाची लाल धूळ बसली होती.

त्या दिवशी मी एकही झाकण उघडलं नाही. ऑपरेशन्समधून दोनदा फोन आला, संध्याकाळपर्यंत सोडता येईल का म्हणून. मी नाही म्हटलं. एक तर डीजीसीएला, म्हणजे विमानवाहतुकीच्या सरकारी नियामकाला, कळवलं होतं आणि हात लावायला हिरवा कंदील यायचा होता. दुसरं म्हणजे मी चोवीस तासांत पाच तास झोपलो होतो. झोप नसलेल्या माणसाने ऐकून घ्यावं, फोटो काढावेत. सही करू नये. हे मी फोनवर असंच सांगितलं. पलीकडच्या माणसाला आवडलं नाही, ते त्याच्या "बरं" मधून कळलं.

मग जे करता येतं ते केलं. चाकांना चोक लावले, कॉकपिट व्हॉइस रेकॉर्डरचा ब्रेकर ओढलेला आहे ना ते पाहिलं, नाहीतर बॅटरी चालू झाली की जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढत जातं. ओघळांचे चाळीसेक फोटो काढले, शेजारी पट्टी धरून. एक थेंबही पुसला नाही. आणि वैमानिकांना गाठून आठवण ताजी असतानाच बोलतं केलं.

कॅप्टन अनुभवी, शांत माणूस. पण कामाला आली ती फर्स्ट ऑफिसर मुलगी. तिने मांडीवरच्या पॅडवर पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, वेळा यूटीसीत, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे: "०५११ उजवं ऑइल ९०. ०५१३ - ७२. ०५१४ दिवा. ०५१४ कट-ऑफ." शेवटच्या दोन ओळींत एकच मिनिट. दाब नेहमी शंभराच्या वर असतो. साठ पीएसआय ही खालची लाल रेघ, तिच्याखाली इंजिन चालवायचं नाही. काटा आणि दिवा ही दोन वेगळी साक्षीदार मंडळी आहेत, काट्याचा सेन्सर वेगळा, दिव्याचा स्विच वेगळा. एकच बोलला तर संशय साक्षीदारावर घ्यायचा. इथे दोघंही तेच सांगत होते, म्हणजे दाब खरोखरच गेला होता, आणि तिच्या पेन्सिलीप्रमाणे इंजिन त्या अवस्थेत मिनिटभराच्या आत थांबलं होतं. मी त्या कागदाचा फोटो घेतला आणि मूळ कागद तिला जपून ठेवायला सांगितला.

इंजिनाच्या तोंडांना आच्छादनं घालून घरी आलो. पौषातलं दव आणि खारा वारा, उघडं ठेवून चालत नाही. जेवलो आणि साडेआठला झोपलो. जत्रेची दुसरी रात्र ढोलांच्या आवाजात झोपून काढण्याची ही माझी पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा सहकारी कोकणकन्येने कुडाळला उतरला. हातात बोरस्कोपची, म्हणजे इंजिनात सरकवायच्या कॅमेऱ्याच्या नळीची पेटी, पाठीवर हत्यारं. गेटवर प्रत्येक पाना मोजून आत, संध्याकाळी प्रत्येक पाना मोजून बाहेर. डीजीसीएकडून परवानगी आली होती. तो सरळ उजव्या इंजिनाकडे वळला. मी म्हटलं, आधी डावं.

कॅप्टनच्या भुवया वर गेल्या. डावं इंजिन तर बिचारं त्यांना सुखरूप घेऊन आलं होतं. पण लायसनच्या अभ्यासात एक प्रसंग आम्हा सगळ्यांना शिकवतात. ५ मे १९८३, ईस्टर्न एअरलाइन्सचं लॉकहीड एल-१०११, मायामीहून नासाऊला निघालेलं. तीन इंजिनं. तिन्ही इंजिनांचे चिप डिटेक्टर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणारे प्लग, आदल्या रात्री बदलले आणि तिन्हींवर गळती अडवणारी रबरी ओ-रिंग बसवायची राहिली. तिन्हींतून तेल गेलं. एक इंजिन आधी बंद केलं होतं, मग उरलेली दोनही समुद्रावर असताना थांबली. शेवटी आधी बंद केलेलं ते पहिलं पुन्हा चालू झालं आणि त्या एकावर विमान मायामीला परतलं. एकाच हाताने, एकाच वेळी, सगळ्या इंजिनांवर तेच काम केलं की चूकही सगळीकडे तीच होते. आमच्या विमानात त्या सकाळी मुंबईत दोन्ही इंजिनांत तेल भरलं होतं, आणि भरणारा मुलगा एकच होता.

डाव्याचं मागचं झाकण उघडलं. तेल भरायची टोपी मागच्या बाजूला, ॲक्सेसरी गिअरबॉक्सवर असते, तिलाच डिपस्टिक जोडलेली. खटका खाली, टोपी घट्ट, आजूबाजूला कोरडं. पातळी खुणेपेक्षा दीड क्वार्ट, म्हणजे साधारण दीड लिटर, खाली. ते चांगलंच. हे इंजिन काठोकाठ भरलेलं तेल स्वतःच ब्रीदरमधून, म्हणजे हवा सोडायच्या नळीतून, बाहेर टाकतं, नव्या पोरांना हे पटत नाही आणि ते पुनःपुन्हा भरत राहतात. टोपीखालची ओ-रिंग मात्र चपटी झालेली, नखाने दाबली तर खाच तशीच राहत होती. गळत नव्हती, एवढंच.

मग उजवं. खटका खाली, टोपी जागेवर. लांबून बघितलं तर सगळं ठीक. बोट लावलं तर टोपी पडायला आलेल्या दातासारखी हलली. डिपस्टिक कोरडी. ओ-रिंग काढून हातावर घेतली: कडक, चपटी, आणि एका जागी कापलेल्या नखाएवढा तुकडा गायब.

सहकारी म्हणाला, "मिळालं कारण, झालं." वीस मिनिटं लागली होती. कॅप्टनचाही चेहरा उजळला. खरं सांगायचं तर मोह मलाही झाला. नवी रिंग, तेल, जमिनीवरच इंजिन चालवून एक चाचणी, दुपारच्या भरतीला आम्ही मोकळे. पण तेल का गेलं हे कळलं म्हणजे तेल गेल्यावर आत काय झालं हे कळत नाही. शिवाय आता एक नवीन प्रश्न उभा होता: तो तुकडा कुठे आहे? आत टाकीत गेला असेल तर पंपाच्या तोंडाशी जाऊन बसणार.

पुढचे अडीच तास आम्ही दोघं दाताच्या डॉक्टरसारखा आरसा आणि टॉर्च घेऊन त्या तुकड्यामागे होतो. मध्ये सहकाऱ्याने सवयीने फडकं काढलं, गिअरबॉक्सच्या बाजूला जमलेला तेलाचा थर पुसायला. मी हात धरला. त्याच थरात, टोपीच्या वितभर खाली, काळी चंद्रकोर चिकटली होती. चिमट्याने उचलून रिंगेच्या तुटक्या जागी धरली. बसली. तेलाबरोबर तुकडा बाहेर आला होता, आत नव्हता. दोन्ही पिशवीत घालून लेबल लावलं, आणि तेव्हा कुठे चहा घेतला.

मग उरलेलं तेल काढून मोजलं. या इंजिनाच्या यंत्रणेत साधारण तेरा लिटर तेल मावतं, आमच्या डब्यात पाच लिटरही भरलं नाही. तेल शिल्लक असूनही दाब पडतो, कारण पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली की तो हवा ओढायला लागतो. काढलेल्या तेलाचा वास घेतला. करपलेला नव्हता. वासावर कुणी सही करत नाही, पण मी नेहमी घेतो.

चिप डिटेक्टर म्हणजे पुढच्या गिअरबॉक्सच्या तळाला बसवलेला लोहचुंबक. तेलातून फिरणारा लोखंडी कण तिथे अडकतो, पुरेसे जमले की कॉकपिटमध्ये दिवा लागतो. तो दिवा लागला नव्हता. प्लग काढला, टोकाला राखाडी साय. ती अंगठा आणि बोटात चोळली. काजळासारखी गुळगुळीत असेल तर नेहमीची झीज. टोचली किंवा चमकली तर बेअरिंग नाहीतर गिअर. पांढऱ्या कापडावर पुसून उन्हात तिरपी धरून बघितली, मग सहकाऱ्याने बघितली. गुळगुळीत.

पण चुंबकाला फक्त लोखंड कळतं. पितळ, ॲल्युमिनियम त्याला दिसत नाही, त्यासाठी तेलाचा फिल्टर. तो स्वच्छ ट्रेमध्ये धुतला, ते पाणी पांढऱ्या चकतीतून गाळलं. पाणी म्हणजे सॉल्व्हंट, सवयीने म्हणतो. चकतीवर सातआठ काळे ठिपके राहिले. पोटात गोळा आला. भिंगाखाली धरून सुईच्या टोकाने एकेक दाबला. कार्बन असेल तर भुकटी होते, धातू होत नाही. सगळ्यांची भुकटी झाली. गरम भागात तेल जळून जमलेली ती काजळी, ठरलेल्या मर्यादेत.

मग बोरस्कोप. पीटी६ हे उलट्या वाहत्या वाऱ्याचं इंजिन, हवा मागून आत येते आणि जळलेला वायू पुढच्या बाजूने, प्रॉपेलरच्या मागे, बाहेर पडतो. इंधनाचे दोन नोझल काढले, त्या भोकांतून नळी आत सरकवली. प्रॉपेलर हाताने फिरवून इथे काही दिसत नाही, त्याने फिरतं ते पॉवर टर्बाइन. कंप्रेसर आणि त्याचं टर्बाइन वेगळ्या दांड्यावर आहेत, दोन्ही दांड्यांना जोडतो तो फक्त वायू. म्हणून सहकाऱ्याने स्टार्टर-जनरेटर उतरवून तिथून आतला दांडा हळूहळू फिरवला आणि मी पडद्यावर एकेक पातं मोजत गेलो. मी बघत होतो पात्यांची टोकं. बेअरिंगने तेलाविना मार खाल्ला असेल तर रोटर किंचित खाली बसतो आणि टोकं भोवतालच्या कड्याला घासतात. घासल्याची चकाकी एकाही टोकाला नव्हती. दोन पूर्ण फेऱ्या झाल्या, तिसरी सहकाऱ्याने पडद्यासमोर बसून आणि मी फिरवून. हाताला कुठे अडलं नाही. हवेच्या तोंडाशी कान लावला, कुरकुर नाही. ऐकू आला तो समुद्रावरचा वारा आणि लांब कुठेतरी टिटवी.

नव्या ओ-रिंगचा वेगळाच तमाशा. पेटीत एकच होती, आणि आम्हाला आता दोन हव्या होत्या. दुसरी मुंबईहून निघेपर्यंत एक दिवस जाणार. संध्याकाळी मावसभावाला सांगितलं तर त्याने खिशातून तशीच एक काढून दाखवली. "ह्यां बघ. मालवणात धा रुपयांक गावता." माप तंतोतंत तेच. पण टर्बाइनच्या कृत्रिम तेलात साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं, आणि जिच्या पाकिटात बॅच नंबर आणि प्रमाणपत्र नाही ती रिंग माझ्या लेखी रिंगच नाही. त्याला हे समजावताना अर्धा तास गेला. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे कागद गळता म्हणून बसयत नाय." बरोबरच आहे, एका अर्थी.

तिसऱ्या दिवशी दुपारी रिंग आली. उजवीकडची मी बसवली, डावीकडची सहकाऱ्याने, आणि एकमेकांचं काम तपासून सह्या केल्या. नवीन तेल भरलं. आधी इंधन न देता नुसत्या स्टार्टरवर इंजिन फिरवलं: चाळीस सेकंद चालू, साठ सेकंद बंद, पुन्हा चाळीस. तीनदाच परवानगी, मग अर्धा तास थांबायचं, नाहीतर स्टार्टर जळतो. काटा दुसऱ्या खेपेला वर आला. मग विमानतळाची अग्निशमन गाडी उभी करून खरं स्टार्ट. दाब शंभराच्या वर जाऊन थांबला, तापमान, टॉर्क, वेग तक्त्याशी जुळले. वीस मिनिटांनी बंद करून झाकण उघडलं, टोपीभोवती पांढरा रुमाल फिरवला. कोरडा. चिप डिटेक्टर पुन्हा काढला, फिल्टर पुन्हा धुतला. दोन्ही स्वच्छ.

मुंबईतल्या त्या मुलाला मी सही करण्याआधी फोन केला. रिपोर्ट त्याच्या हातात पडण्याआधी त्याने माझ्याकडून ऐकावं असं वाटलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, खटका तर बसला होता." बसलाच होता. आमच्या जॉब कार्डवर "टोपी लॉक केली" एवढीच ओळ होती. हलवून बघा असं कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि त्या रिंगेचं वय कुणीच मोजत नव्हतं, त्यात मीही आलो. रिपोर्टात मी त्याच क्रमाने लिहिलं. आता कार्डवर दोन ओळी आहेत आणि रिंग ठरलेल्या तासांना बदलली जाते.

साडेचारला सीआरएसवर, म्हणजे विमान उडायला ठीक असल्याच्या दाखल्यावर, सही केली. विमान रिकामंच मुंबईला गेलं, दोन वैमानिकांसह. आईने पडवीतून पाहिलं म्हणे. मी घरी पोचलो तेव्हा टर्बाइन ऑइलचा वास अंगाला होता, तिने आधी कपडे मागच्या दारी काढायला लावले.

मॅन्युअलप्रमाणे काही तास उडाल्यावर चिप डिटेक्टर पुन्हा बघायचा असतो. तोवर माझी सुट्टी संपायची होती. एका सकाळी मोबाइलवर फोटो आला, त्याच मुलाने काढलेला: दोन प्लग, पांढऱ्या कापडावर, शेजारी पट्टी. मी फोटो मोठा करून डाव्याचं टोक आधी बघितलं.